मचाणावरची हाक

माझ्या मायच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरादाराची झोप उडाली. ऑपरेशन चांगलं झालं होतं, हीच खरी अडचण. तिला दिसायला लागलं.

ती माझ्या भावाकडे ब्राह्मणपुरीला असते. पट्टी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात शिरली. कोपऱ्यातली जाळी, गॅसच्या मागचे तेलाचे डाग, फडताळावरची धूळ, सगळ्यांची हजेरी घेतली. मग एक पातेलं उजेडात धरलं आणि विचारलं, "हाई कोनी घासं?" भावजय माझी गरीब गाय. ती बिचारी इतकी वर्षं तीच पातेली तशीच घासत आली होती आणि त्यातलीच भाजी माय गोड मानून खात होती. भाऊ शेतातून आला तर त्याच्याकडे बघतच राहिली. "तुन्हा डोकावरना केस कोठे गयात रे?" केस जाऊन जमाना झाला होता. मी पुरुषोत्तमनगरला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. रविवारी मी मुद्दाम मेंदी लावून, चांगली साडी नेसून तिला भेटायला गेले. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाली, "तू इतली म्हतारी कव्हय व्हयनी वं?"

मी रागावले. राग माझ्या नाकावरच असतो आणि तो मायकडूनच आलाय. खाण तशी माती. पण नंतर ती ओट्यावर बसून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होती, दुसऱ्या कुणाचे तरी बघावेत तसे, तेव्हा माझा राग गेला.

आता राहिला दुसरा डोळा. तोही पिकलाय, आता उशीर केला तर काम अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तारीख ठरली होती. आणि मायने सांगून टाकलं, नाही.

"एक डोयाघाई इतलं वंगाय दिसनं," ती म्हणाली, "दुसरा उघाडीसन काय करू?"

"डॉक्टर म्हणतात ना पण."

"डोया कोना शे? मन्हा का डाक्टरना?"

भावाने समजावलं, भावजयीने समजावलं, शेजारच्या आक्काने स्वतःचे दोन्ही डोळे दाखवून समजावलं. माझ्या एका आवाजात अख्खा वर्ग चिडीचूप होतो, पण मायपुढे माझीच शाळा सुटते. ऑपरेशन नको म्हणजे नको. जाळीजळमटांचं आणि आमच्या म्हातारपणाचं कारण सांगून तिने विषय मिटवला.

मला मात्र ते कारण पटत नव्हतं, कारण एक गोष्ट मी बघितली होती. डोळे अधू होते तेव्हा माय दिवसभर अंगणातल्या खाटेवर शेताकडे तोंड करून बसायची. दिसत काही नसायचं, पण बसायची तिकडेच. दिसायला लागल्यावर चार दिवसांत तिने खाट उचलून मागच्या खोलीत न्यायला लावली. आता ती भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसायची. नव्या डोळ्याचा माणूस भिंत बघत बसतो, हे काही मला बरं लक्षण वाटेना. विचारलं तर म्हणायची, उन्हाचा त्रास होतो. माघाच्या थंडीत उन्हाचा त्रास!

आमच्याकडे तापीवर बॅरेज झाल्यापासून पाणी अडतं आणि काठाकाठाने पसरतं. अशा एका पसरट फुगवट्यात, जिथे पूर्वी गाळपेर व्हायची, तिथे आता लव्हाळी माजलीय, चिखलाची बेटं झालीत आणि हिवाळ्यात पाखरं उतरतात. ती बघायला एक लोखंडी जिन्याचा मनोरा उभा केलाय. पाटीवर 'पक्षी निरीक्षण मनोरा' असं लिहिलंय. लोक टावर म्हणतात आणि सगळ्या जागेला नॅशनल पार्क. नॅशनल पार्क वगैरे काही नाही ते. पण कुणीतरी एकदा म्हणालं आणि रिक्षावाल्यांनी उचललं. माझ्या वर्गातली पोरं सहलीला जाऊन आली आणि आठवडाभर त्याच गोष्टी करत होती. ती ऐकून माझ्या डोक्यात आलं, मायच्या या डोळ्याला एकदा तरी बघण्यासारखं काहीतरी दाखवावं. पातेलं नाही, भिंत नाही, माझं तोंडही नाही.

तिला सरळ सांगितलं असतं तर ती आलीच नसती. म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवलं. तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शनाला जाऊ, असं म्हणाले. देवाला नाही म्हणायची तिची छाती नाही.

गाडी मी चालवते, पन्नाशीनंतर शिकले. माय मागच्या सीटवर मांडी घालून बसली आणि ब्राह्मणपुरी सुटल्यापासून "हायू हायू चालाड" एवढं एकच स्तोत्र म्हणत राहिली. पूर्वी ती माझ्या गाडीत निवांत झोपायची. आता समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर दिसायला लागला होता ना. दोन्ही बाजूंनी पपईच्या बागा, मध्ये केळी, मग ऊस, पुन्हा पपई. ती खिडकीतून बघत होती. एकदा फक्त विचारलं, "बठ्ठा पपईज शे का वं आते?" मी हो म्हटलं. तिने तोंड पुन्हा समोर केलं.

दर्शन झालं. प्रसादाचा नारळ पदरात बांधून ती म्हणाली, "देव दिसना. आते घर चाल." मी गाडी घराच्या उलट्या दिशेला वळवली. कच्च्या रस्त्याने धूळ उडवत टॉवरखाली जाऊन थांबले तेव्हा दुपार कलली होती.

"हाई काय शे?"

"टावर शे माय. वर जाईसन लोके पाखरे देखतस." शाळेतली माझी मराठी तिच्यासमोर आपोआप गळून पडते.

तिने मान वर करून मनोरा पायथ्यापासून शेंड्यापर्यंत बघितला. मग मला म्हणाली, "पाखरे देखाले टावर? आनि हाकलाले काय शे?"

ती हे विनोदाने म्हणाली नव्हती. ज्यांना तिचं आयुष्य माहीत नाही त्यांना ते कळायचं नाही, म्हणून सांगते. माझ्या लहानपणी आमच्या शेतात दादर असायची. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. तिची भाकरी खाल्लेला माणूस दुसऱ्या ज्वारीला नावं ठेवतो. कणसात दाणा भरायला लागला की भोरड्यांच्या टोळ्या यायच्या. गुलाबी पोटाची, काळ्या डोक्याची ही पाखरं दुरून कुठून तरी येतात आणि एकदा शेतात उतरली की निम्मं कणीस रिकामं करून उठतात. म्हणून शेतात चार खांबांचं मचाण बांधायचं आणि त्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायची. घरात बाकीचे दुसऱ्या कामाला, मचाणावर माय. माहेरीही तेच केलं आणि सासरीही. तिची हाक गावात प्रसिद्ध होती. ती "हाऽऽऽ होऽऽऽ" म्हणून ओरडली की आमच्या शेतातली पाखरं उठायची आणि शेजारच्या शेतातली माणसंही दचकायची. शाळेतून येताना ती हाक ऐकू आली की मला कळायचं, माय कुठे आहे. पुढे शेताला पाणी आलं, दादर गेली, मचाण मोडून त्याचे खांब गोठ्याला लावले. आता तिथे भावाची पपई आहे. त्यात त्याची काही चूक नाही. पपईवर घर उभं राहिलं.

जिन्याखाली राखणदार बसला होता. त्याने वर आवाज करू नका म्हणून सांगितलं आणि पाटीकडे बोट केलं.

"काय लिखेल शे?" मायने विचारलं.

"वर बोलाले बंदी शे. पाखरे उडतस."

"मी काय बोलस? मी तं गपच ऱ्हास," असं म्हणून ती कठडा धरून चढायला लागली. पायरीवर पाय ठेवताना तिला अंदाज येत नव्हता. कधी पायरी आहे तिच्यापेक्षा वर समजून पाय उंच टाकायची, कधी आधीच टेकवायला जायची. एका डोळ्याने खोली कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ते आठवलं. मी मागे दोन्ही हात पसरून चढत होते. ती पडली असती तर मीही गेलेच असते, पण तेवढं समाधान.

वर एकच माणूस होता. तीन पायांच्या स्टँडवर भला मोठा कॅमेरा आणि त्याला डोळा लावलेला. त्याने मान वळवली आणि मी कपाळाला हात लावला. शहाद्याच्या बाजारातले आमचे कापडवाले शेठ. मूळचे मारवाडचे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच, अहिराणी आमच्यापेक्षा फर्डी. माझ्या लग्नातल्या साड्या त्यांच्या वडिलांकडून घेतल्या होत्या. अख्खं दुकान गादीवर उलगडायला लावून "आज निस्तं देखाले उनूत" म्हणून उठणाऱ्या बायकांमध्ये माझी माय पहिल्या नंबरची.

"शेठ, तुम्हीन आठे काय करी ऱ्हायनात?" माय म्हणाली. गप राहण्याचा करार एवढ्यात संपला.

"फोटू काढी ऱ्हायनू माय. जरा हायू बोला." शेठजी कुजबुजले. "त्या बेटवर देख. हंस शेत. हिमालय वलांडीसन येतस. सकायपासून बठेल शे मी, आते जराक इकडे सरकनात."

"इतला दूरथून? त्यास्ना गावले दुस्काय पडना का?"

शेठजी हसले आणि कॅमेऱ्याकडे वळले. करड्या अंगाची, डोक्यावर काळे पट्टे असलेली ती पाखरं चिखलाच्या बेटावर हळूहळू चरत आमच्या बाजूला सरकत होती. मला साध्या डोळ्यांनी ठिपके दिसत होते. माय म्हणाली, काही दिसत नाही, नुसतं पाणी चमकतंय. आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसकण मारून घराकडे जायची वाट बघायला लागली. मला रडूच आलं. इतकी थापेबाजी करून, इतकी धूळ खाऊन आणलं आणि ही इथेही भिंत शोधतेय.

माझा चेहरा बघून असेल, शेठजींनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि मायच्या गळ्यात घातली. "देख तं खरं माय. डोया लाव." मी तिला उठवून कठड्याशी उभी केली. बऱ्या डोळ्यासमोर काच धरली, शेठजींनी मधलं चाक फिरवलं. तिने मोकळा हात पुढे केला आणि हवेत चाचपला.

"हाई तं हातवर शे," ती हळूच म्हणाली.

मी बघत होते ते तिचं तोंड. ते उघडं पडलं होतं, लहान पोराचं पडतं तसं. दुर्बीण ती इकडून तिकडे फिरवत होती, पाण्यावरून बेटावर, बेटावरून लव्हाळीत. ऊन तिरपं झालं होतं. आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावरच्या बाभळींमागून एक काळा ढग उठला. तो वळला, ताणला गेला, पुन्हा गोळा झाला. संध्याकाळी लव्हाळीत झोपायला येणाऱ्या भोरड्या होत्या त्या. ढग सरळ आमच्याकडे यायला लागला. मला तो अजून लांब होता. मायला दुर्बिणीतून तो नाकासमोर होता.

मी तिला सांगायला तोंड उघडलं, पण उशीर झाला. "हाऽऽऽ होऽऽऽ! हाऽऽऽ रे हाऽऽऽ!"

टॉवर हादरला म्हटलं तर खोटं वाटेल. तिचा उजवा हात डोक्यावर गेला आणि गरगर फिरला, नसलेली गोफण फिरवत, आणि सुटला. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. दुर्बीण दोरीवर लोंबकळत तिच्या छातीवर आपटली. तो आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. अंगावर काटा आला आणि लाजेने जीवही गेला, दोन्ही एकदमच.

भोरड्यांचा ढग हवेतच फाटला आणि मागे वळला. पण तेवढ्यावर भागलं नाही. पाण्यावरची बदकं उठली, बगळे उठले, चिखलातली बारकी पाखरं उठली, आणि शेवटी ते हिमालयावरून आलेले पाहुणे आपले जड पंख उघडून ओरडत उठले आणि नदीपलीकडे गेले. खालून राखणदाराची शिट्टी वाजली. मग सगळीकडे नुसतं पाणी राहिलं.

शेठजी कॅमेऱ्यावर हात ठेवून उभे होते. सकाळपासून उपाशी बसलेला माणूस. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे संस्कार. मी मात्र बोलले. "माय! बोलाले बंदी शे आसं सांगं व्हतं ना तुले?"

माय हात तसाच अर्धा वर धरून उभी होती. तिलाही ती हाक कुठून आली ते कळलेलं दिसत नव्हतं. "भोरडी व्हती वं," ती म्हणाली, "डोयासमोर. वाटनं, दादरवर टोयी उनी." आणि मग ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मला राग आवरेना आणि हसूही आवरेना. मी शेठजींची माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या ताई, आता आज काही येत नाहीत, उजेड संपेल. आणि स्टँडचे पाय दुमडायला लागले.

"कोठे चालनात शेठ?" माय म्हणाली. "बठा. येतीन."

"आते कसाले येतीन माय?"

"येतीन. जलमभर हाकली मी. कव्हय गयात का? पाठ फिरावी का उनात." तिने स्वतः जमिनीवर बैठक मारली आणि पदरातला प्रसादाचा नारळ सोडला. लोखंडी कठड्यावर आपटून फोडला, तोही आवाज झालाच. एक तुकडा शेठजींपुढे धरला. प्रसादाला नाही म्हणता येईना. शेठजी बसले.

आम्ही तिघं खोबरं चावत त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर मला पाखरं येतील असं वाटत नव्हतं. माझ्या डोक्यात निराळंच चाललं होतं. आता ही घरी जाऊन सांगणार, टावरवर नेलं, तिथेही काही नव्हतं. ऑपरेशनचं नाव काढायची सोय राहणार नाही.

पाणी रिकामंच राहिलं तसा मायचा मघाचा ठामपणा ओसरला आणि ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"माले वाटे, डोया गयात म्हनीसन पाखरे दिसतस नहीत. मंग डोया उना. दुसरा दिन पहाटेज मी वावरमा गयी. पपईमा फिरनी, बांधवर फिरनी. वर देखं, खाले देखं. पाखरेच नहीत वं."

मी हातातलं खोबरं खाली ठेवलं.

"इतलं हाकलं मी त्यास्ले. इतलं हाकलं. वाटनं, मन्हीच हाक लागनी त्यास्ले. रुसीसन गयात." तिने खोबऱ्याचा तुकडा पदरात परत बांधला. "मंग दुसरा डोया कसाले करू?"

तर ही होती ती भिंत. पातेलं नाही, जाळी नाही, भावाचं टक्कल नाही. नव्या डोळ्याने ती पहिली शेतात गेली होती, आम्हाला न सांगता, आणि रिकामं आभाळ बघून परत आली होती, आणि ते रिकामपण तिने स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं. मी तिला समजावू शकले असते. माय, दादर नाही म्हणून भोरडी नाही, त्यात तुझा काय दोष. वर्गात मी हे दहा वाक्यांत सांगितलं असतं. पण मी नुसता तिचा हात धरला. तो हात अजून गरम होता, गोफण फिरवलेला.

शेठजींनी आमच्याकडे पाठ केली होती. पुरुषांना असं काही ऐकायला आलं की ते लांबचं काहीतरी बघायला लागतात. ते बघत होते म्हणूनच त्यांना आधी दिसलं.

"माय," ते म्हणाले, "देख."

बाभळींवर पुन्हा काळं झालं होतं. आधी पसाभर, मग सूपभर, मग तो ढगच. या वेळी माय दुर्बिणीशिवाय उभी राहिली. ढग पाण्यावर आला, वळला, आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा पाऊस पडल्यासारखा आवाज झाला, आणि कुणीतरी धान्य ओतावं तशी ती सगळी पाखरं लव्हाळीत उतरली. कलकलाट असा की हाक मारली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती. मागोमाग बदकं आली. अंधारायच्या बेतात, एका ओळीत, ते हंसही आले आणि बेटाच्या लांबच्या टोकाला बसले. फोटोपुरता उजेड उरला नव्हता. शेठजींनी कॅमेरा उघडलाही नाही.

माय कठड्याला टेकून उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं, बऱ्याही आणि आंधळ्याही. "उनात वं," ती म्हणाली. "उनात." एवढंच ती परत परत म्हणत होती. आनंद झाला की मला बोलता येत नाही, मी उगाच तिचा पदर नीट करत राहिले.

उतरायच्या आधी शेठजींनी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर एक फोटो दाखवला. हाक ऐकून त्यांचा हात दचकला आणि हंस उठेपर्यंत बटण दाबलेलंच राहिलं होतं. सगळे हंस हवेत, सगळे पुसट, आणि कोपऱ्यात मायचा बांगड्यांचा हात. बिघडलेलाच फोटो तो. "मन्हा हात शे ना तो?" मायने विचारलं. "चांगला उना." मग जिना उतरताना, एक हात माझ्या खांद्यावर आणि पाय अंधारात पायरी शोधत असताना, ती म्हणाली, "आपरेशनले कोनता दिन जानं शे?"

दुसरा डोळाही चांगला झाला. घरातली पातेली आता दोन डोळ्यांनी तपासली जातात. भावजयीने त्याची तयारी आधीच करून ठेवली होती, पट्टी निघायच्या आत तिने घर लख्ख केलं. तरी मायला गॅसच्या मागे एक डाग सापडलाच. खाट पुन्हा अंगणात आली.

मग पावसाळा सरता सरता तिने भावापाशी हट्ट धरला. बांधालगतची पट्टी मोकळी सोड, तिथे दादर पेर. भाऊ मला फोन करून वैतागला. एवढ्याशा दादरीचं करायचं काय, सगळी पाखरंच खातील. मी म्हटलं, हे तिलाच सांग. फोन चालू होता, त्याने तिथेच सांगितलं. पलीकडून मायचा आवाज आला, "मंग? त्यास्ले खावालेच पेरनी शे." भाऊ माझा भला आहे, कुरकुर करतो आणि काम करतो. त्याने पपईच्या कडेने पट्टी पेरली.

परवा माघात मी गेले तर अंगणात कुणी नव्हतं. बांधावर खाट टाकून माय बसली होती. दादर कणसावर आली होती, दाणा दुधात होता. विजेच्या तारेवर भोरड्या बसल्या होत्या, टोळी नव्हे, ओंजळभर. उतरत मात्र नव्हत्या. मी कौतुकाने बघत उभी राहिले तेवढ्यात मायने हात उचलला आणि हाक टाकली, "हाऽऽऽ होऽऽऽ!" तारेवरून सगळ्या उडाल्या.

"अगं माय, त्यास्नाकरताच पेरी ना तू? मंग हाकलस कसाले?"

"हाकलनं पडस वं," ती म्हणाली. "हाकलाशिवाय त्यास्ले गोड लागत नही." मग तिने खाटेवर सरकून मला जागा केली. "आते बठ. आनि तिकडे देखू नको. पाठ फिराव."

दोन्ही डोळे लख्ख झालेली माझी माय दादरीकडे पाठ करून बसली. तिच्या शेजारी मीही बसले. आम्ही दोघी पपईच्या बागेकडे बघत होतो. थोड्या वेळाने आमच्या मागे दादरीची ताटं हलायला लागली.